तांबडा डोळा

"गेलं की वं, आत्या!"

आतल्या खोलीतून सुनेची हाक आली आणि हरणाबाईचे हात परातीतल्या भाकरीवर तसेच थांबले. तव्यावरची भाकरी करपायला लागली. करपू दे. या घरात दसऱ्यापासून भाकरीपेक्षा त्या डबड्याचीच काळजी जास्त झाली होती. पिठाचे हात तसेच घेऊन ती आत गेली. टेबलावर राउटर बसला होता. बरा असला की ओळीनं चार हिरवे दिवे लावून बसायचा. आता तीन विझलेले आणि चौथा तांबडा, डोळे आलेल्या माणसासारखा.

"आला का तुझा डोळा परत?" हरणाबाई त्याला म्हणाली. "मुडद्या, तुला सकाळच्या आठलाच बरं मरण येतंय रं!"

शिवांजलीनं कानावरचा हेडफोन काढून ठेवला. तिचं तोंड उतरलं होतं. "पलीकडं म्हातारा माणूस बोलायलता, आत्या. हाताला मुंग्या येतात, कुठल्या डॉक्टरला दाखवू म्हणायलता. अर्ध्यातच तुटलं."

"मंग आता काय म्हणत असंल त्यो?"

"काय म्हणणार? दवाखान्यानं फोन आपटला म्हणत असंल."

हरणाबाईला त्या न बघितलेल्या म्हाताऱ्याची लाज वाटली. दारात आलेल्या माणसाच्या तोंडावर कवाड लावायची या घराची रीत नव्हती.

शिवांजलीची नोकरी पुण्यातल्या एका मोठ्या दवाखान्याची. सकाळी आठ ते दुपारी दोन. लोक दवाखान्यात फोन लावायचे आणि तो वाजायचा इथं, माकणीत, हरणाबाईच्या आतल्या खोलीत. कुणाला कुठला डॉक्टर, कुठल्या दिवशी, हे शिवांजली नोंदवून द्यायची. पलीकडच्याला वाटायचं बाई पुण्यात बसलीय, आणि बाईच्या पाठीमागं ज्वारीची पोती. मोबाईलवर हे काम होत नव्हतं. भूकंपानंतर बांधलेल्या त्या घराच्या भिंती अशा जाड, की आत मोबाईलला एक दांडी यायची, ती पण लाजत लाजत. सगळा जीव त्या केबलच्या तारेवर.

हरणाबाई चौथीपर्यंत शिकलेली. पण गिरणीत, बारशात, लग्नाच्या मांडवात तिनं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, "आमची सून घरात बसून पुण्याचा दवाखाना चालवती." सांगताना थोडं जास्त झालं असेल. पण खोटं नव्हतं.

तासाभरानं ऊन भिंतीवर आलं, तांबडा डोळा मिटला आणि हिरवे दिवे असे लागले की जणू काही झालंच नाही. त्यानंतर पुण्याहून प्रीती मॅडमचा फोन आला. शिवांजलीनं सासूला ऐकू जावं म्हणून तो मोठ्यानं लावला.

"शिवांजली, तुमचं काम चांगलं आहे, त्यात वाद नाही. पण या महिन्यात हा अकरावा दिवस. दर वेळी तुम्ही रिपोर्टमध्ये 'नेटवर्क प्रॉब्लेम' एवढंच लिहिता. वरचे मला विचारतात, कसला प्रॉब्लेम? मी काय सांगू? नेमकं काय बिघडलंय आणि ते दुरुस्त झालंय, हे मला सोमवारपर्यंत लेखी द्या. नाहीतर इथं ऑफिसला येऊन बसावं लागेल. त्यानंतर माझ्या हातात काही नाही."

फोन बंद झाला. खोलीच्या कोपऱ्यात तीन वर्षांची वैष्णवी पाटीवर रेघा ओढत बसली होती. रात्री ती आजीच्या पोटावर पाय टाकल्याशिवाय झोपायची नाही. सून पुण्याला गेली तर नात जाणार. आणि बसवराज, म्हणजे पोरगा, साखर कारखान्यावर ट्रॅक्टर घेऊन गेला की चार-चार दिवस घराचं तोंड बघत नव्हता. मग घरात उरणार कोण? पोती आणि हरणाबाई.

हे ती बोलली नाही. तोंडातून निघालं ते वेगळंच. "पुण्याला कुठं जाती? तिथं काय तारा सोन्याच्या हायत?"

खरं तर तिनं करायचं काही बाकी ठेवलं नव्हतं. राउटर कपाटावरून टेबलावर आणला, टेबलावरून खिडकीत, खिडकीतून परत टेबलावर. त्याची पिन या भोकातून काढून त्या भोकात घातली. दाराला लिंबू-मिरची बांधली. खंडेनवमीला ट्रॅक्टर, नांगर, विळे, शिलाई मशीन यांच्या जोडीनं लॅपटॉपची पूजा केली, राउटरची केली, दाराच्या बाहेर भिंतीवर तारेची काळी डबी आहे तिची पण केली. विभूतीच्या तीन बोटांनी आणि कुंकवानं ती डबी अशी दिसत होती की येणारा-जाणारा थांबून बघायचा. तिथंच कुणाची तरी दृष्ट लागली. कारण दसरा झाला आणि लाईन जायला लागली. तेव्हापासून दर सोमवारी उजाडायच्या आत हरणाबाईनं त्या डबीची पूजा चुकवली नव्हती. आणि लाईन जाईल त्या दिवशी ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर कोळशाची रेघ मारायची. पुरावा पाहिजे. तोंडाला तोंड देणाऱ्या माणसापुढं रेघ दाखवलेली बरी.

दुसऱ्या दिवशी ती मोबाईल घेऊन गच्चीवर चढली आणि राउटरच्या बुडाला छापलेला नंबर एकेक आकडा बघून दाबला. आधी गाणं वाजलं. मग एक बाई हिंदीत बोलली, मराठीसाठी दोन दाबा म्हणाली. दाबलं. मग तिनं आणखी सहा गोष्टींतली एक निवडायला लावली.

"अगं बाई, तुला सांगायलेय न्हवं, नेट जातंय म्हून!" हरणाबाई म्हणाली.

बाईनं ऐकलं नाही. यंत्र होतं. पुन्हा गाणं. त्या गाण्यात सगळं ऊन डोक्यावर आलं, तेव्हा एक जिवंत पोरगी सापडली.

"मॅम, राउटर बंद करून तीस सेकंदांनी परत चालू करा."

"लेकी, ते आमी दसऱ्यापास्नं करायलाव. बंद-चालू, बंद-चालू. तुज्या घरात फ्रीज बिघडला तर तू नुसतं दार उघडझाप करत बसतीस का?"

"मॅम, तुमची तक्रार नोंदवली आहे. अठ्ठेचाळीस तासांत आमचा माणूस येईल."

हरणाबाई खाली उतरते न उतरते तोच मोबाईल टिंग वाजला. शिवांजलीनं वाचून दाखवलं. तक्रारीचं समाधान झालं आहे, सेवा कशी वाटली ते तारे देऊन कळवा.

"समाधान झालं?" हरणाबाई जिन्याच्या शेवटच्या पायरीवरच बसली. "कुणाचं झालं? माझं तर न्हाय झालं. तुजं झालं का?"

"न्हाय, आत्या."

"मंग कुणाचं समाधान करून गेली ती सटवी?"

तिला शिसारी आली. भांडण झालं असतं तर चाललं असतं. समोरचा माणूस वर आवाज करतो, आपण करतो, त्यात काही तरी जीव असतो. हे असलं गोड बोलून, गाणी वाजवून, न आलेल्या माणसाला आला म्हणून लिहून टाकणं, याला काय म्हणावं? शेणात हात घातला तर धुता तरी येतो.

गुरुवारी ती स्टँडवर विरेशच्या दुकानात गेली. गावातली केबल विरेशची. पस्तिशीतला, तोंडात कायम गुटखा, त्यामुळं तो काही सांगायच्या आधी मान वर करून ओठ सांभाळायचा. गावातली निम्मी माणसं हरणाबाईला अव्वा म्हणायची, तो पण म्हणायचा.

"अव्वा, वरनंच प्रॉब्लेम हाय," मान वर करून तो म्हणाला आणि बोट आभाळाकडं केलं.

हरणाबाईनं वर बघितलं. दुकानातली चार माणसं पण वर बघायला लागली.

"वर काय हाय रं? महादेव हाय. त्येनं तुजी तार तोडली व्हय?"

माणसं हसली. विरेशला पिचकारी मारायला बाहेर जावं लागलं. दुकानाच्या बाजूची भिंत कमरेपर्यंत तांबडी झाली होती. तो हात पुसत आत आला. "तसं न्हाय वं. सर्वर वरनं असतंय. लातूरकडनं."

"काल उन्हं आल्यावर लाईन आली. परवाबी उन्हं आल्यावर आली. लातूरात ऊन येगळं असतंय का?"

विरेश पिनांचा डबा चाळायला लागला. पाच वर्षांत गावातल्या कुणी त्याला असलं विचारलं नव्हतं.

"शनिवारी येतो," तो म्हणाला.

"डबीचं झाकण लावतो म्हणून गेलास, त्येला साडेतीन महिने झाले. तवाबी शनिवारच म्हणलतास. शनिवारी न्हाय आलास तर म्या हितं येऊन बसंल, देवीची परडी घेऊन. मंग बघू तुजं गिऱ्हाईक कसं आत येतंय."

शनिवारी विरेश आला. राउटर उलटा करून बघितला, दिव्यांचा फोटो काढला, दुसरा अडॅप्टर लावून बघितला, चहा घेतला. काही सापडलं नाही. "लाईन बघावी लागंल, पोलापास्नं," असं म्हणून तो निघाला, तशी हरणाबाईनं चप्पल घातली.

"तुमी कुठं, अव्वा?"

"तू काय बघतोस ते बघायला."

आणि मग तिला दिसलं की तिच्या सुनेची नोकरी कशावर लोंबकळत होती. पोलावर तारांचं घरटं. कुठली कुणाची ते ब्रह्मदेवाला कळू नये. तिथून त्यांची तार निघायची, ती लिंबाच्या फांदीला साडीच्या काठानं बांधलेली. पुढं गटारीवरून जाताना एवढी खाली आली होती, की तिच्यावर वाहून आलेल्या पिशव्या वाळत घातल्यासारख्या लटकल्या होत्या. गटारीच्या कडेला विरेशनं जुना जॉइंट उकलला. आतून काळं पाणी गळलं.

"ह्यातनं दवाखाना चालतोय?" हरणाबाईनं पदर नाकाला लावला. "ह्यातनं आजारी माणसं बोलतेत?"

"सगळीकडं असंच असतंय, अव्वा."

"हेच. हेच ऐकून ऐकून किळस आली मला. घाण करायची, आन् वर म्हणायचं सगळीकडं हाय."

तिथून तार गेली शेजारच्या विठाबाईच्या गोठ्यात. गव्हाणीच्या वर, म्हशीचं शिंग लागेल एवढ्या अंतरावर, दुधाच्या पिशवीत गुंडाळलेला एक जॉइंट लोंबत होता. म्हैस त्याला मान घासून खाज भागवत होती. हरणाबाईच्या डोक्यात वीज चमकली. सापडलं.

"विठे! ए विठे! भाईर ये. आमची लाईन तुझ्या म्हशीच्या मानंला बांधलीस व्हय गं?"

विठाबाई चुलीपुढून उठून आली. दोघी एकाच साली या गल्लीत सुना म्हणून आलेल्या. चाळीस वर्षं भिंतीला भिंत लावून राहिलेल्या, आणि त्यातली निम्मी भांडण्यात गेलेली.

"मी कशाला बांधू? तुझ्या विरेशानं बांधली. म्हैस माझी आधीपास्नं हाय."

"तुझ्या नातवाचा टीव्ही ह्याच्यातनंच चोरून चालतोय न्हवं? तुला बघवंना. माझी सून घरात बसून कमावती ते तुला बघवंना. दसऱ्याला माझ्या दारापुढं उभी राहून डबीकडं कशी बघायलतीस, ते दिसलं न्हाय व्हय मला?"

विठाबाईचं तोंड असं झालं जणू कुणी थोबाडीत मारली. "हरणे," ती हळू म्हणाली, "तुझी वैष्णवी तापानं फणफणली तवा रातभर कुणाच्या मांडीवर होती? मी दृष्ट लावते व्हय?" आणि ती आत गेली. उलटून भांडली नाही. ते हरणाबाईला जरा टोचलं. पण विजयाची चव तोंडात होती, तिनं ते गिळून टाकलं.

विरेशनं गोठ्यातला जॉइंट तोडून नवा केला आणि तार भिंतीवर उंच घेतली. टीव्हीची चोरी बिरी काही निघाली नाही. पण हरणाबाईला आता पुराव्याची गरज नव्हती. तिनं विरेशला बजावलं. "सोमवारी आठला माझ्या दारात येऊन बसायचं. गेली तर तुझ्या डोळ्यांदेखत जाऊ दे. पुण्याला लिहून द्यायचंय."

रविवारी शिवांजलीला सुट्टी होती. दिवसभर दिवे हिरवे. वैष्णवीनं आजीच्या मोबाईलवर गाणी बघितली, एकदाही अडकली नाहीत. हरणाबाईनं संध्याकाळी गिरणीत सांगून टाकलं की विठाच्या म्हशीनं पुण्याचा दवाखाना बंद पाडला होता. लोक हसले. तिला बरं वाटलं.

पण सोमवारी तिला वेळेवर जाग आली नाही. शनिवारी दोन तास तारेमागं हिंडून गुडघा धरला होता. उठली तेव्हा तळ्याकडून आलेलं धुकं गल्लीतून सरकत होतं. अंघोळ उरकेपर्यंत आठ वाजून गेले. आतून शिवांजलीचा आवाज येत होता, "नमस्कार, आपली काय मदत करू?" हिरवा, स्वच्छ आवाज. बाहेर ओट्यावर विरेश अंग चोरून बसला होता, मांडीवर पक्कड, पिना, टेपचा डबा. भिंतीपलीकडं विठाबाई अंगण झाडत होती. नेहमीपेक्षा जास्त वेळ झाडत होती.

"बघितलंस?" हरणाबाई विरेशला म्हणाली. "आज आठ वाजून गेले, धुकंबी हाय, आन् लाईन हाय. म्हशीचीच करामत."

"व्हय, अव्वा," विरेश म्हणाला. त्याला लवकर घरी जायचं होतं.

हरणाबाईनं तांब्या, विभूतीचा गोळा, कुंकवाचा करंडा आणि नारळ आणला. दाराशेजारी हात पुरेल एवढ्या उंचीवर ती काळी डबी. आत पोलावरून आलेली तार आणि घरात जाणारी तार एका चकचकीत पिनेनं जोडलेली. डोळे मिटून तिनं पुटपुट केली आणि तांब्या उचलून डबीवर बारीक धार सोडली. पहिल्यांदा साधं पाणी. मग नारळ फोडून त्याचं पाणी.

"गेलं की वं, आत्या!"

हरणाबाईचा तांब्या हवेतच राहिला. डबीच्या खालच्या कोपऱ्यातून टप टप थेंब पडत होते. विरेश उभा राहिला होता. भिंतीपलीकडं झाडू थांबला.

"अव्वा," विरेश म्हणाला, "हे काय करायलाव?"

"पूजा. दिसत न्हाय?"

"आन् पाणी?"

"अंघोळ घातल्याबिगर विभूती लावतेत व्हय कुणी?"

"दर सोमवारी?"

"दसऱ्यापास्नं."

विरेशनं पुढं होऊन पिन फिरवली. ती फिरली नाही. पक्कड लावून ओढली तेव्हा कचकन सुटली. आत तांब्याची बारीक तार असते, तिच्या जागी एक हिरवा-पांढरा गोळा होता. विभूती चुन्यासारखी बसली होती, तिच्यात कुंकवाची तांबडी लकेर, आणि सगळ्याला नारळपाण्याची चिकट बुरशी. वास येत होता. गटारीतल्या जॉइंटपेक्षा काही कमी घाण नव्हती, आणि ही घाण हरणाबाईनं स्वतःच्या हातानं, अंघोळ करून, न चुकता घातली होती.

ती तडक आत गेली. सुनेकडं न बघता कॅलेंडरपुढं उभी राहिली. कोळशाच्या रेघा. सोमवारची ओळ काळी, मंगळवारची काळी, बुधवारी एखादी, पुढं कोरं. तिनं रेघा मोजल्या होत्या. बघितल्या कधी नव्हत्या. लाईन गेली की दृष्ट म्हणून पूजा, पूजा केली की लाईन जायची, मग आणखी भक्तीनं पूजा. दोन महिने.

ती बाहेर आली तेव्हा विरेश घसा खाकरून, भिंतीपलीकडं ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाला, "दंव लई पडायलंय, अव्वा. तळ्याकडचं धुकं. त्येच्यानंच गंजलं असंल."

आयुष्यात पहिल्यांदा कुणी तरी हरणाबाईवर दया केली होती. आणि ती पण कुणी, तर गुटखा खाणाऱ्या विरेशनं. दोन महिन्यांत तिला जेवढी किळस आली होती, फोनमधल्या गाण्याची, काळ्या पाण्याची, सटवीच्या समाधानाची, त्या सगळ्यापेक्षा या दयेची जास्त आली.

"दंवानं कुंकू लावलं व्हय रं?" ती म्हणाली. "तोंड बंद ठेव आन् हात चालव. आत माझी सून बसलीय."

विरेशनं कुजलेलं टोक कापून टाकलं, तार सोलली. "कोरडं फडकं पाहिजे. एकदम कोरडं."

घरातलं सगळं दमट होतं, धुकंच तसं. हरणाबाई देवघरात गेली आणि देवाखालचं धुतलेलं रेशमी वस्त्र ओढून घेऊन आली. विरेश बघतच राहिला.

"पूस. देवाला कळतंय."

त्यानं पुसलं. नवी पिन बसवली, दाबली, टेपचे चार वेढे दिले. हरणाबाई दारात उभी राहून आतल्या राउटरकडं बघत होती. तांबडा. तांबडा. तांबडा. मग एक हिरवा झाला, दुसरा झाला. शिवांजलीनं हेडफोन कानाला लावला. "नमस्कार, माफ करा, लाईन तुटली होती." सतरा मिनिटं गेली होती.

फोन थोडे थांबले तशी शिवांजलीनं रिपोर्टचा कागद लॅपटॉपवर उघडला. "आत्या, मॅडमला आता लिहावं लागंल. काय लिहू?"

"धुकं लिहा, वहिनी," दारातून विरेश म्हणाला. "धुक्याला कोण विचारतंय?"

शिवांजलीनं सासूकडं बघितलं. ती पण तेच लिहायला तयार होती, हे हरणाबाईला दिसलं. आणि हे पण दिसलं, की धुकं लिहिलं तर उद्या मॅडम विचारणार, धुकं दुरुस्त कसं केलं? मग पिशव्या भरायच्या. वैष्णवीचे कपडे भरायचे.

"लिही," हरणाबाई म्हणाली. "आमच्या सासूबाईनं दसऱ्यापास्नं दर सोमवारी तारेच्या जॉइंटला अंघोळ घातली. पाण्यानं आन् नारळाच्या पाण्यानं. त्येच्यानं जॉइंट कुजला."

"आत्या! पुण्यात सगळे हसतेल."

"हसू दे. लिही. सासूबाईचं नाव पण लिही, हरणाबाई. कुणाची तरी सासू म्हणून नको." तिनं दाराकडं मान वळवली. विरेश ओट्यावरून खाली उतरायला लागला होता. "थांब रं. तुजं राहिलं. फुडं लिही, डबीला झाकण न्हवतं. लावतो म्हणून गेलेला केबलवाला साडेतीन महिने आला न्हाय. गटारीतला एक जॉइंट आन् गोठ्यातला एक जॉइंट बदलला. आज पिन नवी टाकली, झाकण आज संध्याकाळी बसंल. बसंल न्हवं रं?"

"बसंल, अव्वा."

"लिही, बसंल."

शिवांजली लिहीत होती आणि तिचे खांदे हलत होते. हरणाबाईला वाटलं रडायलीय. जवळ जाऊन बघितलं तर पोरगी तोंडावर हात दाबून हसत होती. "हस," हरणाबाई म्हणाली, "तुजी पाळी आली म्हणून हस. पण अक्षर नीट काढ."

दुपारी प्रीती मॅडमचा फोन आला. पलीकडून आधी दाबलेल्या हसण्याचा आवाज आला. मग मॅडम घसा साफ करून म्हणाली, "शिवांजली, हे पहिलं कारण आहे जे मला समजलं. वरच्यांनाही समजलं." हसू आवरून ती पुढं म्हणाली, "पुण्याचं राहू द्या. महिनाभर बघू. आणि सासूबाईंना सांगा, लॅपटॉपला अंघोळ घालू नका."

"ऐकू आलं," हरणाबाई स्वयंपाकघरातून ओरडली.

संध्याकाळी विरेश झाकण घेऊन आला. दाराबाहेरच तोंड रिकामं करून, चूळ भरून आला, हे तिनं बघितलं. झाकण घट्ट बसलं. हरणाबाईनं लांबूनच हात जोडले.

मग तिनं हुग्गी केली. गव्हाची, गुळाची, वर तूप. वाटीवर ताटली झाकून ती गोठ्याच्या बाजूनं विठाबाईच्या अंगणात गेली. म्हैस नव्या उंच तारेकडं बघून निराश झाल्यासारखी उभी होती. विठाबाई ओट्यावर वाती वळत बसली होती. तिनं वर बघितलं नाही.

हरणाबाईनं वाटी तिच्यापुढं ठेवली. माफी हा शब्द तिच्या तोंडाला सवयीचा नव्हता, तो आला नाही. "गिरणीत मी काल काय काय बोलले," ती म्हणाली, "ते उद्या तिथंच जाऊन फिरवते. तू बरोबर चल. ऐकायला."

विठाबाईनं वाती खाली ठेवल्या. ताटली उचलली. वास घेतला. वाटी हलवून उजेडाकडं धरून बघितली.

"ह्याच्यात अंघोळीचं पाणी तर न्हाय घातलंस, हरणे?"

"खा गप," हरणाबाई म्हणाली आणि तिच्या शेजारी, दुखणारा गुडघा सरळ करून, बसली. "तुजी अंघोळ झाल्याली दिसती. न्हायतर तुलाबी घातली असती."